यंत्र निर्दोष

४ फेब्रुवारी

सूनबाईस,

अनेक आशीर्वाद आणि थोडा राग. सासूने आधी पत्र लिहायचं नसतं म्हणतात, पण मानपान खुंटीला टांगून बसले आहे लिहायला. फोन करू नकोस. कानातलं नवं मशीन पहिल्यापेक्षाही वाईट निघालं. फोन लावला की नुसती शिट्टी वाजते आणि मी "हो हो, बरं बरं" करत बसते. परवा दुकानदाराला अशीच हो म्हणाले आणि घरात साबणाचं पोतं येऊन पडलं.

पिंट्या बरा आहे. जेवतो, झोपतो. बोलत नाही फारसा. सप्टेंबरात बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी विचारलं, किती दिवसांसाठी आलास? म्हणाला, बघू. नोकरी गेली एवढं मला कळलं. पुलावर माणूस गेला तेही वर्तमानपत्रात वाचलं. पण माझ्या मुलाचा त्यात नेमका काय संबंध ते मला कोणी धड सांगितलेलं नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, आई, तुला नाही कळायचं. अगं, मी तीस-तीस खाटांचा वॉर्ड चालवलाय. मेट्रन म्हणून रिटायर झाले. डॉक्टर लोक माझ्या चपलांचा आवाज ऐकून सिगारेट विझवायचे. मला न कळायला काय झालं?

तू सांग. तू त्याच ऑफिसात आहेस, आणि तू त्याची बायको आहेस. तुमच्या दोघांत काय झालं ते विचारत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण घर असं अर्धं इकडे, अर्धं तिकडे किती दिवस ठेवणार?

पत्र लिही. लांबलचक लिही.

तुझी,
सासू


१२ फेब्रुवारी

ती. आईंना सप्रेम नमस्कार,

साबणाचं वाचून खूप दिवसांनी हसले. तुम्ही लांबलचक म्हणालात, तर आता भोगा.

आमच्या ऑफिसात नदीच्या पाण्याचा अंदाज काढतात हे तुम्हाला माहीत आहेच. वर पाऊस किती पडला ते आकडे येतात आणि खाली पुलापाशी पाणी किती चढेल ते मशीन सांगतं. हे मशीन कपाटाएवढं आहे आणि त्यात पुष्कळ प्रोसेसर आहेत. प्रोसेसर म्हणजे गणितं करणारा कारकून समजा. एकाला अख्खी नदी झेपत नाही, म्हणून नदीचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक देतात. वरच्या तुकड्यावाल्याने आपलं उत्तर खालच्याला कळवायचं, त्याने ते धरून पुढचं करायचं. कोणाच्या वाट्याला कोणता तुकडा येईल ते मशीन आपलं आपण ठरवतं, रोज वेगळं. हा सगळा प्रोग्रॅम तुमच्या मुलाने लिहिला होता. सहा वर्षं तो बिनचूक चालला.

त्या दिवशी मशीन म्हणालं, पाणी पुलाच्या बरंच खाली राहील. म्हणून पूल बंद केला नाही. पाणी पुलावरून गेलं आणि ब्रेडची गाडी चालवणारा माणूस गाडीसकट वाहून गेला. त्याला बायको आणि दोन मुली आहेत.

दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम, तेच आकडे पुन्हा चालवले. उत्तर बरोबर आलं. तिसऱ्यांदाही बरोबर. आता असं झालं की आमच्या धंद्यातले सगळे डोळे मिटून एकच सांगतात, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कारकुनांना एकमेकांसाठी थांबायला नीट शिकवलेलं नाही. वरच्याचं उत्तर यायच्या आतच खालचा कुणीतरी पुढे सुटला. हजारातून एखाद्या वेळी असं होतं आणि शोधायला जावं तर सापडत नाही. पण असतेच म्हणे ती चूक. तो सांगत राहिला की माझा प्रोग्रॅम थांबतो, मी शंभरदा बघितलंय, मशीन तपासा.

आणि मशीन तपासायचं काम माझं. आमची ठरलेली पद्धत आहे. एकेका प्रोसेसरला परीक्षेला बसवायचं आणि तेवढा वेळ बाकी सगळे बंद ठेवायचे, म्हणजे कुणाची कुणाला लुडबुड नको. सगळे पास झाले. मी "यंत्र निर्दोष आहे" असं लिहून सही केली. आई, मी त्यात खोटं काहीही लिहिलेलं नव्हतं. त्या सकाळी चहा पिताना त्याने मला विचारलं होतं, की चाचणीचं जाऊ दे, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला काय वाटतं याला काय अर्थ आहे? तो उठून कप धुवायला गेला. पुढे साहेबांनी त्याला बोलावलं, आणि मग तो तुमच्याकडे आला. माझा फोन तो उचलत नाही.

हे सगळं आज का लिहिते, तर त्याच्या जागी आलेल्या मुलीने अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहिला आहे. जुन्यातली एक ओळ घेतली नाही. आणि गेल्या आठवड्यात तिच्या उत्तरात एका तुकड्यावर नदी चक्क चढावर वाहत होती. पुन्हा चालवलं तर ठीक. मुलगी रडायला लागली, कारण आता सगळे तिलाही तेच म्हणणार. दोन माणसं, दोन वेगळे प्रोग्रॅम, आणि चूक मात्र एकाच जातीची.

त्याला हे सांगाल का? सांगा की मी पुन्हा तपासते आहे.

तुमची,
सून


१९ फेब्रुवारी

शहाणे,

पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा समजलं. तिसऱ्यांदा वाचताना रडले, ते तुला सांगणार नव्हते, पण लिहून गेलं आता.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की काय तुम्ही लोकांनी? मी तुला दोष देत नाही. कागदावर जे दिसलं ते तू लिहिलंस, मीही चार्टवर तेच लिहायचे. पण आता शोध. माझं ऐकशील तर ते मशीन आधी चार दिवस पूर्ण बंद ठेव. माणूस काय आणि मशीन काय, विश्रांतीने निम्मी दुखणी पळतात. नाहीतर असं कर, सगळ्यात जुना कोण आहे तो बघ, गडबड त्याचीच असणार. आमच्याकडे इंजेक्शनच्या डब्या हरवायच्या त्या नेहमी जुन्या वॉर्डबॉयमुळे. हसू नकोस. हस खरं तर.

पिंट्या ठीक आहे. जरा वाळलाय. मागचं दार लागत नव्हतं ते दुरुस्त केलंन. तुझा निरोप सांगेन, पण वेळ बघून सांगेन. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे तो, ताकही फुंकून पिणार. नुसतं "तपासते आहे" सांगून त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला? पक्कं काही हाती आलं की मग.

तोवर मला लिहीत राहा. पोस्टमन आता माझ्या फाटकाशी आल्यावर घंटी वाजवत नाही, हात हलवतो. त्याला समजलंय की मी खिडकीतच असते.

सासू


८ मार्च

ती. आईंना नमस्कार,

सापडला.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की शहाणी पान उलटून शेवट वाचायला लावते. साहेब मशीन सोडायलाच तयार नव्हते. म्हणाले, तुमचीच सही आहे ना "निर्दोष" म्हणून, मग आता काय पंचांग उघडून बसायचं? नव्या मुलीलाच नीट लिहायला सांगा. मी म्हटलं, पावसाला अजून अवकाश आहे, आत्ताच तपासू द्या, पाणी आलं की तुम्ही देणार नाही. शेवटी हो म्हणाले, वर "घरचं प्रकरण ऑफिसात आणू नका" असंही म्हणाले. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण परवानगी घेऊन निघाले.

आधी जुनीच परीक्षा घेतली. एकेकाला बसवलं, बाकीचे बंद. सगळे पास, पहिल्यासारखेच. मी मशीनच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात आमचा स्वेटर आत आला. स्वेटर म्हणजे मशीनचं एसी सांभाळणारा, बारा महिने लोकरी स्वेटर घालतो म्हणून हे नाव. त्याने मला विचारलं, चहा सांगू का? आणि मला ते ऐकू आलं.

आई, त्या खोलीत कधी काही ऐकू येत नाही. नदीचं काम चालू असतं तेव्हा पंखे असे घोंघावतात की आम्ही खाणाखुणांनी बोलतो. तिथे तुम्ही आणि मी सारख्याच. आणि परीक्षेच्या वेळी तिथे अशी शांतता, की कुजबुजलेलं कळावं. म्हणजे आम्ही प्रत्येकाला थंड, रिकाम्या खोलीत एकटं बसवून विचारत होतो, तुझं बरं आहे ना? काम मात्र त्यांना गर्दीत आणि उकाड्यात करावं लागतं. ही पद्धत कुणी घातली माहीत नाही. मी नोकरीला लागल्यापासून तशीच आहे, आणि मी कधी विचार केला नाही.

मग मी सगळ्यांना एकदम कामाला लावलं. सगळ्यांना तेच गुणाकार, सारखेच, थांबायचं नाही, आणि प्रत्येकाचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून बघायचं. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तावीस नंबरने एक उत्तर वेगळं दिलं. मग खूप वेळ ठीक, मग पुन्हा एक. अडखळला नाही, तक्रार केली नाही. चुकीचं उत्तर अगदी बरोबर असल्यासारखं पुढे सरकवलं. त्याच्या आजूबाजूचे बंद केले तर तो शहाण्यासारखा वागायला लागला. त्याची गणितं दुसऱ्याला दिली तर बरोबर आली, दुसऱ्याची त्याला दिली तर पुन्हा घोळ. म्हणजे दोष गणितात नाही, प्रोग्रॅममध्ये नाही, सत्तावीसमध्येच आहे. तोही फक्त शेजारी तापले की, आणि काही ठरावीक आकड्यांवरच. म्हणूनच पुराच्या दुसऱ्या दिवशी नदीचे तुकडे वेगळे वाटले गेल्यावर उत्तर बरोबर आलं.

मी तिथेच जमिनीवर बसले. स्वेटरने पाणी आणून दिलं.

त्याने शंभरदा बघितलं होतं, आई. तो खरंच शंभर वेळा बघायचा. मला माहीत होतं ते.

त्याला सांगा. आजच सांगा.

सून


१६ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र आलं. वाचून मी उठून घरभर फिरले. काय करावं सुचेना, म्हणून सगळे पडदे काढून धुवायला टाकले.

म्हणजे त्याची चूक नव्हतीच? अजिबात? थोडीसुद्धा नाही? मला हे पुन्हा एकदा लिहून पाठव, सोप्या शब्दांत, एका ओळीत. तुमच्या त्या सत्तावीसची खात्री करून घे. उद्या साहेब म्हणतील की तुम्ही नवऱ्यासाठी मशीनला बदनाम केलंत. हात दाखवून अवलक्षण नको.

पिंट्याला मी अजून सांगितलेलं नाही. रागावू नकोस. ऑफिसचा कागद हातात येऊ दे, शिक्क्याचा. नुसत्या तोंडी गोष्टीवर तो आता विश्वास ठेवायचा नाही. कागद आला की देईन.

आणि तू इकडे यायची घाई करू नकोस. रस्ता वाईट आहे, तुझी कंबरही. पत्रं चालू आहेत ना आपली, बरं चाललंय.

सासू


११ एप्रिल

ती. आईंना नमस्कार,

एका ओळीत लिहिते: त्याची चूक नव्हती, थोडीसुद्धा नाही.

महिनाभर उत्तर नाही दिलं त्याबद्दल माफ करा. साहेबांशी भांडण्यात गेला. त्यांचं म्हणणं साधं होतं. सत्तावीस बंद करून टाका, बाकीचे चालतात, नदीला कळणारही नाही. लिहायचं कशाला? लिहिलं की पुलाची चौकशी पुन्हा उघडणार. मी म्हटलं, उघडू दे. ते म्हणाले, तुमचीही सही आहे त्यात, तुम्हीही गोत्यात याल. मी म्हटलं, सहीच मागे घ्यायला आले आहे. कोणी तरी एवढ्या मोठ्याने बोलतंय हे ऐकून नवी मुलगी दाराशी आली, आणि मग ती हलेचना. पालथ्या घड्यावर पाणी असं मला तीन आठवडे वाटत होतं. शेवटी त्यांच्याही वरच्यांनी अहवाल मागवला, तेव्हा यांचा नाइलाज झाला.

सोबत दोन कागद आहेत. एक माझा अहवाल. दुसरं ऑफिसचं पत्र, शिक्क्यासकट. त्यात लिहिलंय की त्या दिवशीची चूक यंत्राची होती आणि प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष नव्हता. त्याचं पूर्ण नाव लिहायला लावलं मी. नोकरीवर परत घ्यायचंही त्यात आहे.

हे त्याच्या हातात द्या. वाचताना त्याला एकटं सोडा, त्याला वाचताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

या रविवारी मी येते आहे. कंबर बरी आहे आणि रस्ता असेल तसा असेल. त्याच्या टेबलावरची धूळ पुसते मी, पण कागद हलवलेले नाहीत. एका कोपऱ्यात त्याचा मफलर आहे, दुसऱ्या कोपऱ्यात अर्धवट पेन्सिली. जेवायला मी दुसऱ्या खुर्चीत बसते, कारण त्याची खुर्ची कुरकुरते आणि मग मला वाटतं तो आला. किती वेडेपणा ना?

त्याला "ये" असं लिहीत नाही. मीच न्यायला येते.

सून


१४ एप्रिल

सूनबाई,

येऊ नकोस. हे पत्र शेजारच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. पोस्टात टाकलं तर रविवारच्या आत तुला मिळायचं नाही, आणि तू इथे येऊन दार वाजवशील आणि मला ऐकूही येणार नाही.

पिंट्या इथे नाही.

नोव्हेंबरातच गेला. आणि फेब्रुवारीपासून मी तुला लिहिते आहे की तो जेवतो, झोपतो, दार दुरुस्त करतो. दार अजून तसंच आहे, मी त्याला वीट लावते. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं की तुला सांगायचं नाही. पण वचनाचं निमित्त झालं. खरं सांगू? तू पत्र लिहायचीस ते त्याची खुशाली कळावी म्हणून. तो इथे नाही म्हटल्यावर या बहिऱ्या म्हातारीला कोण कशाला लिहील? म्हणून तो घरात आहे असंच ठेवलं मी. लिहिता लिहिता मलाही तो आत झोपलाय असं वाटायचं. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तो नदीवर आहे, त्याच पुलापाशी. काठाला पाणी मोजायची पट्टी रोवलेली असते ना, रंगवलेली, तिच्यावर डोळ्यांनी बघून आकडा सांगायचं काम करतो. पाणी चढलं की पूल बंद करणाऱ्या फाटकवाल्याला कळवायचं. राहायला एक खोली दिली आहे. महिन्याला कार्ड येतं. "पाणी कमी आहे. मी बरा आहे." बस्स, एवढंच. एवढा शिकलेला मुलगा माझा.

का गेला ते मला आजवर कळलेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. एका संध्याकाळी तो नुसता बसला होता भिंतीकडे बघत. मला राहवेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळा, चूक कोणाच्या हातून होत नाही? मी तुला मनापासून माफ केलंय." तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी ताप आला की बघायचा तसा. मग म्हणाला, बरं आई. आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. सांग ना गं, यात मी काय वाईट बोलले? मायेनेच बोलले होते. रोज आठवून बघते आणि मला काही सापडत नाही.

तुझे कागद इथेच आहेत. कंडक्टरच्या हाती परत पाठवते आहे. तूच घेऊन जा त्याच्याकडे. माझ्याकडून गेले तर तो म्हणेल आईने वचन मोडलं. आता मोडलंच आहे म्हणा.

पत्र लिहिशील ना?

सासू


२ मे

ती. आईंना सप्रेम नमस्कार,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही काहीही वाईट बोलला नाहीत. तो तुमच्या बोलण्यामुळे गेला नाही. त्याला नदीपाशीच जायचं होतं, आज ना उद्या गेलाच असता. तुम्ही मायेने बोललात ते त्याला माहीत आहे, त्याने मला तसं सांगितलं. आता ते रोज आठवणं बंद करा.

आणि तुमचा मला राग आलेला नाही. एकदा आला होता, कंडक्टर समोर उभा होता तेवढा वेळ. मग तुम्ही दाराला वीट लावताना डोळ्यांसमोर आलात आणि राग गेला. पत्रं मी लिहिणारच. ती आता तुमचीच आहेत.

मी गेले होते. खोली लहान आहे, पण नीटनेटकी. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला रेनकोट. तो दाढी वाढवून आहे आणि रापलाय. मला बघून दचकला नाही. म्हणाला, आईने सांगितलं वाटतं. मग चहा ठेवला. कप एकच होता, त्याने स्वतःसाठी भांड्यात घेतला.

मी कागद दिले. उभ्यानेच वाचले. शिक्क्याचं पत्र त्याने चटकन वाचून बाजूला ठेवलं, पण अहवाल मात्र ओळीखाली बोट धरून वाचला, पूर्वी वाचायचा तसा. मला बाहेर जायला हवं होतं, पण गेले नाही. सत्तावीसपाशी आला आणि त्याने मान वर केली. "शेजारी तापल्यावरच?" मी हो म्हटलं. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणते शेजारी, कोणते आकडे, किती वेळाने, पंखा कोणत्या बाजूला. आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि त्याने काडीने मातीत चौकोन काढले. मी एक खोडला, त्याने तो पुन्हा काढला, आम्ही वादही घातला. आई, तेवढा वेळ मी घरी होते. मला वाटलं झालं, संपलं सगळं, आता बॅग भरायची.

तेवढ्यात एक बाई पुलावरून सायकलने आल्या, मागे ब्रेडच्या टोपल्या. त्या गाडीवाल्याच्या बायको. त्याने आल्या आल्याच त्यांच्या घरी जाऊन आपण कोण ते सांगून टाकलं होतं म्हणे. त्यांनी दार लावून घेतलं होतं. आता रोज थांबतात, पाणी किती एवढंच विचारतात. आजही विचारलं. त्याने सांगितलं आणि त्या गेल्या. मी म्हटलं, त्यांना पत्र दाखव ना, तुझी चूक नव्हती हे कळू दे. तो म्हणाला, त्यांना काय फरक पडणार आहे?

मग मी म्हटलं, चल घरी. त्याने काडी टाकून दिली. आवाज चढवला नाही, तुम्हाला माहीत आहे तो चढवत नाही. त्याने विचारलं, "एक सांग. हा सत्तावीस नंबर चांगला निघाला असता, तर तू आली असतीस?"

मी तोंड उघडलं. काहीतरी बोलायचं होतं, "हो" म्हणायचं होतं. एवढासा शब्द आहे. तो वाट बघत राहिला, खरंच बघत राहिला. त्याला ते ऐकायचं होतं हे मला दिसत होतं. चहा निवला. मग आकडा घ्यायची वेळ झाली म्हणून तो पट्टीकडे उतरला. मी पायरीवर बसून होते. वर आल्यावर त्याने ते पुन्हा विचारलं नाही. माझी पिशवी उचलून बसच्या थांब्यापर्यंत आला, खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि म्हणाला, आईला लिहीत जा, तिला बरं वाटतं.

परतीच्या वाटेवर मी शंभर उत्तरं तयार केली. साहेबांना दोष दिला, पद्धतीला दिला, त्याच्या हट्टीपणालाही दिला. सात महिने मी त्या घरात एकटी होते. नदी कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तुमचं घर ठाऊक होतं, रविवार येत होते. कागद हातात यायच्या आधी एकदाही मी बसमध्ये बसले नाही.

तुमच्यापाशी खोटं बोलून काय मिळणार? मी आले नसते, आई. आणि त्याला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

तुमची,
सून